संकेतस्थळ सुरू, मात्र नाव सापडेना! डीएनएस यंत्रणेची ओळख आणि बिघाडांचा शोध

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. त्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप या तिन्ही सेवा जगभरात एकाच वेळी दिसेनाशा झाल्या आणि पुढील सुमारे सहा तास त्या पूर्ववत होऊ शकल्या नाहीत. कंपनीच्या माहिती केंद्रांतील संगणक जळाले नव्हते, कोणी माहिती पळवली नव्हती, की घातपातही झालेला नव्हता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या माहिती केंद्रांना परस्परांशी जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. असे जाळे तुटले, की आपल्यातच बिघाड आहे असे समजून स्वतःला जगापासून बाजूला करावे, अशी व्यवस्था कंपनीच्या नाम-सर्व्हरमध्ये आधीच करून ठेवलेली होती. त्यांनी ती इमानेइतबारे पाळली. परिणामी ‘फेसबुक.कॉम’ म्हणजे नेमका कोणता पत्ता, या प्रश्नाचे उत्तर देणारे कोणीच उरले नाही. दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची स्वतःची साधनेही याच नावांवर विसंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष माहिती केंद्रात जाऊन काम करावे लागले.

नावे आणि पत्ते यांची सांगड घालणाऱ्या या यंत्रणेस डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस असे म्हणतात. ती सुरळीत चालू असताना तिचे अस्तित्वही कोणाच्या ध्यानात येत नाही. बंद पडते तेव्हा मात्र ‘नेट गेले’ एवढ्या एका वाक्यात तिची बोळवण होते. एखाद्या लहान उद्योजकाचे, शाळेचे वा पतसंस्थेचे संकेतस्थळ दिसेनासे झाल्यास दिवसभर वाहिनी पुरवठादाराशी वाद घातला जातो आणि संध्याकाळी उमगते, की दोष वाहिनीत नव्हता, नावात होता. त्या दरम्यान आलेल्या ई-मेलचे काय झाले, हे तर पुष्कळदा कधीच कळत नाही. म्हणूनच या यंत्रणेचे काम आणि तिच्यातील बिघाड शोधण्याचा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

एका फाईलपासून सुरुवात

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकास आयपी पत्ता म्हणून ओळखला जाणारा एक अंकी पत्ता असतो. संगणकांना अंक चालतात, माणसांना नावे लक्षात राहतात. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर या दोहोंची सांगड एका साध्या फाईलने घातली जाई. ‘होस्ट्स’ या नावाची ही फाईल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जात असे. नवा संगणक जोडला, की तेथे कळवायचे, तेथील कर्मचारी नोंद करणार आणि इतर सर्वांनी ती फाईल वेळोवेळी उतरवून घ्यायची, असा शिरस्ता होता. संगणकांची संख्या वाढू लागली तशी ही पद्धत कोलमडू लागली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिला पर्याय म्हणून डीएनएसचा आराखडा मांडला. १९८७ मध्ये त्याची सुधारित मानके प्रसिद्ध झाली आणि मूळ चौकट म्हणून तीच आजही लागू आहेत. ती जुनी ‘होस्ट्स’ फाईलही अद्याप नाहीशी झालेली नाही. विंडोज असो वा लिनक्स, प्रत्येक संगणकात ती आजही असते आणि बाहेर विचारणा करण्यापूर्वी संगणक आधी तिच्यातच डोकावतो. बिघाड शोधताना ही बाब विसरून चालत नाही.

जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि तलाठी

डीएनएसला इंटरनेटची ‘दूरध्वनी निर्देशिका’ म्हणण्याची प्रथा आहे. ही उपमा सोयीची असली तरी अर्धवट आहे, कारण निर्देशिकेत सर्व नोंदी एकाच पुस्तकात असतात. डीएनएसमध्ये असे एकच पुस्तक कोठेही नाही. महसूल खात्याची रचना तिच्या अधिक जवळची आहे. एखाद्या जमिनीचा सात-बारा हवा असल्यास जिल्हाधिकारी कार्यालय अमुक तालुक्याकडे जा म्हणून सांगते, तहसील कार्यालय अमुक गावाच्या तलाठ्याकडे धाडते आणि मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरी मिळते. वरच्याने खालच्याचा ठावठिकाणा सांगायचा आणि नोंद मात्र ज्याची त्याने राखायची, हे डीएनएसचे मूळ तत्त्व होय.

समजा, वापरकर्त्याने ब्राऊझरमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम’ असे नाव लिहिले. (हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे, त्यामुळे ते कोणाही व्यावसायिकाचे नाही.) ब्राऊझर प्रथम स्वतःच्या साठ्यात पाहतो. तेथे उत्तर न मिळाल्यास संगणकाची ‘होस्ट्स’ फाईल आणि कार्यप्रणालीचा साठा तपासला जातो. तेथेही काही न आढळल्यास प्रश्न ‘रिझॉल्व्हर’ या सर्व्हरकडे जातो. हा सर्व्हर बहुधा इंटरनेट सेवा पुरवठादाराचा असतो. गुगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ किंवा क्वाड नाईनचा ९.९.९.९ हे सर्वांना खुले असलेले रिझॉल्व्हर होत. अर्जदाराच्या वतीने कचेऱ्यांचे हेलपाटे घालण्याचे काम हा रिझॉल्व्हर करतो.

तो प्रथम रूट सर्व्हरला विचारतो. रूट सर्व्हर पूर्ण उत्तर देत नाही. ‘.कॉम’चे सर्व्हर कोठे आहेत, तेवढेच सांगतो. ‘.कॉम’चा सर्व्हर ‘एक्झाम्पल.कॉम’चे नाम-सर्व्हर कोणते ते सांगतो. शेवटी तो नाम-सर्व्हर, म्हणजे या गावचा तलाठी, मूळ नोंद पाहून आयपी पत्ता देतो. ही सारी धावपळ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पूर्ण होते. नाम-सर्व्हरच्या उत्तराला ‘अधिकृत’ उत्तर म्हणतात. रिझॉल्व्हरने आपल्या साठ्यातून दिलेले उत्तर अधिकृत नसते. ती केवळ नक्कल असते आणि पुढे येणारे बरेचसे घोटाळे या नकलेपायीच होतात.

जगात केवळ १३ रूट सर्व्हर आहेत, असे आजही अनेक ठिकाणी छापले जाते. वस्तुतः १३ ही त्यांच्या नावांची, म्हणजे ‘ए’ ते ‘एम’ या अक्षरांची संख्या होय. मूळ मानकानुसार डीएनएसचे एक उत्तर ५१२ बाइटच्या पाकिटात बसणे आवश्यक होते आणि त्यात तेवढीच नावे-पत्ते मावत. ही १३ नावे १२ संस्था चालवतात. प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेले अनेक संगणक एकच पत्ता घेऊन उभे असतात आणि विचारणा जवळच्या संगणकाकडे वळवली जाते. अशी ठिकाणे दीड हजारांहून अधिक असून मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथेही ती आहेत.

नोंदींचे प्रकार

नाम-सर्व्हरवरील दप्तरास झोन फाईल म्हणतात. तिच्यातील ‘ए’ नोंद नावाला जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता जोडते, तर ‘एएएए’ नोंद नव्या, लांब पत्त्यासाठी असते. ‘सीनेम’ म्हणजे एका नावाचे दुसरे टोपणनाव. ‘एमएक्स’ नोंद ई-मेल कोठे पोहोचवायचे ते सांगते, ‘एनएस’ नाम-सर्व्हरची नावे देते आणि ‘टीएक्सटी’ नोंदीत मोकळा मजकूर ठेवता येतो. ‘पीटीआर’ नोंद उलट्या दिशेने चालते, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगते. ‘एसओए’ ही दप्तराची शीर्षनोंद असून तिच्यात दप्तराचा अनुक्रमांक असतो.

यांपैकी ‘सीनेम’ नोंदीने अनेकांना फसवले आहे. ज्या नावाला ‘सीनेम’ आहे त्या नावाला दुसरी कोणतीही नोंद असू शकत नाही, असा नियम आहे. मुख्य नावाला, म्हणजे नुसत्या ‘एक्झाम्पल.कॉम’ला, ‘एसओए’ आणि ‘एनएस’ नोंदी असाव्याच लागतात. त्यामुळे तेथे ‘सीनेम’ लावता येत नाही. ती फक्त ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सारख्या उपनावाला लावावी.

‘४८ तास लागतील’ म्हणजे काय?

संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले, की ग्राहकाला हमखास एक वाक्य ऐकवले जाते. ‘बदल जगभर पसरायला ४८ तास लागतील.’ प्रत्यक्षात काहीही पसरत नसते. नाम-सर्व्हरवरील नोंद बदलताच ती बदललेली असते. जगभरच्या रिझॉल्व्हरकडे असलेल्या जुन्या नकला मात्र मुदत संपेपर्यंत जिवंत राहतात. ही मुदत प्रत्येक नोंदीसोबत सेकंदांत लिहिलेली असते आणि तिला ‘टीटीएल’ म्हणतात. टीटीएल ८६,४०० असेल तर जुनी नक्कल २४ तास टिकू शकते. ३०० असेल तर पाच मिनिटांत ती बाद होते. ४८ तासांचा आकडाही हवेतला नाही. ‘.कॉम’च्या दप्तरात प्रत्येक नावाच्या नाम-सर्व्हरच्या नोंदीला १,७२,८०० सेकंदांची, म्हणजे बरोबर दोन दिवसांची मुदत दिलेली असते. याचा अर्थ नाम-सर्व्हरच बदलल्यास दोन दिवस धरून चालणे योग्य, पण केवळ ‘ए’ नोंद बदलली असल्यास ४८ तासांची सबब खपवून घेण्याचे कारण नाही.

स्थलांतराची योग्य पद्धत यावरूनच ठरते. ठरलेल्या दिवसाच्या किमान एक जुनी मुदत आधी टीटीएल ३०० वर आणावा, जुन्या नकला बाद होऊ द्याव्यात, मग पत्ता बदलावा आणि सारे स्थिरस्थावर झाल्यावर टीटीएल पुन्हा वाढवावा. जुना सर्व्हर त्याच दिवशी बंद करण्याची घाई करू नये. काही रिझॉल्व्हर मुदतीचे बंधन काटेकोर पाळत नाहीत.

आणखी एक खुबी ध्यानात ठेवावी लागते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे नकारार्थी उत्तरही काही काळ साठवले जाते. १९९८ च्या एका मानकाने त्याची रीत ठरवून दिली असून त्याची मुदत ‘एसओए’ नोंदीवरून ठरते. नवे उपनाव तयार करण्यापूर्वीच उत्सुकतेपोटी ते ब्राऊझरमध्ये टाकून पाहिले, तर रिझॉल्व्हर ‘नाही’ हे उत्तर लक्षात ठेवतो आणि नोंद केल्यानंतरही काही काळ तेच सांगत राहतो. आधी नोंद, मग तपासणी, हा क्रम म्हणूनच पाळावा.

बिघाडाचा माग

संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष नावात आहे की वाटेत, हे प्रथम ठरवावे. इतर संकेतस्थळे उघडतात का, तेच संकेतस्थळ मोबाईलच्या जोडणीवरून दिसते का, या दोन प्रश्नांनीच बराच उलगडा होतो. आयपी पत्ता थेट ब्राऊझरमध्ये टाकून पाहण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो आता फारसा उपयोगी नाही, कारण एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात आणि नावाशिवाय आलेल्या पाहुण्याला कोणाच्या घरी पाठवावे, हे सर्व्हरला कळत नाही.

त्यानंतर नावाची चौकशी थेट करावी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एनएसलुकअप’ आणि लिनक्स वा मॅकवर ‘डिग’ ही साधने त्यासाठी आहेत. आज्ञेपुढे नाव लिहिले, की उत्तर मिळते. त्या उत्तरातील पत्त्याइतकेच त्याच्यासोबतचे स्थितीदर्शक शब्द महत्त्वाचे असतात आणि नवखे लोक नेमके तेच वाचत नाहीत.

‘एनएक्सडोमेन’ असे उत्तर आल्यास असे नावच अस्तित्वात नाही, असे अधिकारवाणीने सांगितले गेले आहे. अशा वेळी लिहिण्यात चूक झाली आहे, नोंद केलेलीच नाही, किंवा नावाची मुदत संपली आहे. ‘सर्व्हफेल’चा अर्थ अगदी निराळा आहे. नाव असेल वा नसेल, रिझॉल्व्हरला उत्तर मिळवताच आले नाही, एवढेच तो सांगतो. नाम-सर्व्हर बंद आहेत किंवा सहीची पडताळणी फसली आहे, ही त्याची नेहमीची कारणे. फेसबुकच्या त्या सहा तासांत जगभरच्या रिझॉल्व्हरकडून हेच उत्तर मिळत होते. ‘रिफ्युज्ड’ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास तो नकार देतो. ते दप्तर त्याच्याकडे नाही, किंवा बाहेरच्यांना उत्तरे देण्याची त्याला मुभा नाही. ‘नोएरर’ असूनही उत्तराची जागा रिकामी दिसल्यास नाव आहे, पण मागितलेल्या प्रकारची नोंद नाही, असे समजावे. आणि काहीच उत्तर न येता वेळ संपल्यास वाट तुटली आहे किंवा फायरवॉलने ५३ क्रमांकाचे पोर्ट अडवले आहे.

या ५३ क्रमांकाच्या पोर्टबाबत एक गैरसमज रूढ आहे. डीएनएस केवळ यूडीपी पद्धतीने चालते, असे मानून काही कार्यालयांत टीसीपी पद्धतीची वाट बंद केली जाते. लहान उत्तरे यूडीपीवरून येत राहतात, त्यामुळे सारे ठीक दिसते. उत्तर मोठे झाले, की ते अर्धवट येते आणि उरलेल्यासाठी टीसीपीची वाट लागते. ती बंद असल्याने निवडक नावेच उघडत नाहीत. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ अशा तक्रारीत ही शक्यता आधी तपासावी. दोन्ही वाटा खुल्या असणे आवश्यक आहे.

पुढची पायरी म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरला विचारणे. ‘डिग’मध्ये ‘ॲट’ चिन्हापुढे ८.८.८.८ असा पत्ता लिहून, तर ‘एनएसलुकअप’मध्ये नावानंतर तो पत्ता लिहून हे करता येते. पुरवठादाराचा रिझॉल्व्हर जुना पत्ता देतो आणि इतर नवा देतात, तर दोष जुन्या नकलेचा आहे. सर्वच चुकीचे उत्तर देत असल्यास मूळ दप्तर तपासावे लागते. तेच नाव काही सेकंदांनी पुन्हा विचारल्यावर टीटीएलचा आकडा उतरत गेलेला दिसला, तर ती नक्कल आहे, असे ओळखावे. अधिकृत उत्तरात तो आकडा दरवेळी पूर्ण असतो आणि उत्तरासोबत ‘एए’ हे चिन्हही असते.

‘डिग’ला ‘प्लस ट्रेस’ हा पर्याय दिल्यास रूट सर्व्हरपासून तलाठ्यापर्यंतचा सारा प्रवास पडद्यावर उमटतो आणि साखळी नेमकी कोठे तुटली ते दिसते. येथे एक दोष वारंवार आढळतो. ‘.कॉम’च्या दप्तरात नाम-सर्व्हर म्हणून ज्याचे नाव आहे, त्या सर्व्हरला त्याची वार्ताच नसते. होस्टिंग कंपनी बदलल्यावर जुन्या कंपनीने दप्तर पुसून टाकले आणि नाव नोंदवणाऱ्या संस्थेकडील यादी मात्र कोणी बदलली नाही, असा तो प्रकार असतो. दोनपैकी एकच नाम-सर्व्हर असा निकामी असेल तर संकेतस्थळ बंद पडत नाही, नुसते अधूनमधून रखडते. त्यामुळे हा दोष महिनोन्महिने राहून जातो.

‘एनएसलुकअप’ बरोबर पत्ता देते, पण ब्राऊझर उघडत नाही, अशीही एक अवस्था असते. हे साधन ‘होस्ट्स’ फाईल पाहत नाही, तर ब्राऊझर आणि ‘पिंग’ ती पाहतात. त्या फाईलमध्ये कोणी जुनी ओळ लिहून ठेवली असल्यास उत्तरांत तफावत पडते. शिवाय अलीकडील ब्राऊझर सुरक्षित डीएनएसच्या नावाखाली संगणकाच्या रिझॉल्व्हरला बगल देऊन थेट दुसऱ्याच रिझॉल्व्हरला कूटबद्ध प्रश्न विचारू शकतात. ब्राऊझरच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू आहे का, ते पाहावे. संगणकातील जुना साठा पुसण्यासाठी विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेपुढे तिरपी रेघ देऊन ‘फ्लशडीएनएस’ लिहावे. नव्या लिनक्स प्रणालींत बहुधा ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ ही आज्ञा चालते.

एका टिंबाची किंमत

झोन फाईलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावे लागते. ते न दिल्यास सर्व्हर ते नाव अपूर्ण समजून त्याच्या शेपटीला मुख्य नाव पुन्हा जोडतो आणि ‘मेल.एक्झाम्पल.कॉम’चे ‘मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम’ होऊन बसते. ही नवशिक्यांची चूक मानली जाते. पण १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री स्वीडनचे दप्तर तयार करणाऱ्या एका प्रोग्राममधून हेच टिंब गळाले आणि ‘.एसई’ने संपणारी त्या देशाची सुमारे नऊ लाख नावे एका झटक्यात सापडेनाशी झाली. चूक तासाभरात सुधारण्यात आली, मात्र चुकीच्या नकला रिझॉल्व्हरांच्या साठ्यात शिरलेल्या असल्याने त्रास त्यापुढेही चालू राहिला.

अनुक्रमांकाची चूक अधिक छुपी असते. मुख्य नाम-सर्व्हरवर दप्तर बदलले, की ‘एसओए’मधील अनुक्रमांक वाढवावा लागतो. दुय्यम सर्व्हर तो आकडा पाहूनच नवी प्रत मागवतात. आकडा वाढवायचे राहिल्यास दुय्यम सर्व्हर जुनेच उत्तर देत राहतात आणि एकाला नवे, तर दुसऱ्याला जुने संकेतस्थळ दिसते. दोन्ही सर्व्हरना ‘एसओए’ स्वतंत्रपणे विचारून आकडे ताडून पाहिल्यास ही चूक लगेच उघडी पडते. वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा बदल क्रमांक असा दहा अंकी आकडा लिहिण्याची पद्धत सोयीची आहे.

दोन नाम-सर्व्हर असावेत असे नियम सांगतो, पण ते एकाच खोलीत ठेवले तर नियमाचा हेतू साधत नाही. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे जवळजवळ दिवसभर अदृश्य झाली होती. कंपनीचे चार नाम-सर्व्हर होते, मात्र चारही एकाच जाळ्यावर होते आणि त्यांच्यासमोरील राउटरच्या मांडणीत बदल करताना चूक झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या डीएनएस कंपनीवर ‘मिराई’ने बाधित कॅमेरे आणि तत्सम उपकरणांमार्फत विनंत्यांचा भडिमार झाला, तेव्हा केवळ त्याच कंपनीवर विसंबलेली ट्विटरसारखी बडी संकेतस्थळे अनेकांना दिसेनाशी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात तर बाहेरचा हल्लाही नव्हता. डीएनएस नोंदी आपोआप अद्ययावत करणारे दोन प्रोग्राम एकमेकांच्या आड आले, जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली गेली, मग साफसफाईत तीही पुसली गेली आणि डायनॅमोडीबी या सेवेच्या नावापुढे एकही पत्ता उरला नाही. अखेर माणसांना हाताने नोंद सुधारावी लागली.

नावाची मुदत

तांत्रिक बिघाडांपेक्षा विस्मरणाने बंद पडणारी संकेतस्थळे बहुधा अधिक असावीत. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट.कॉम’ या नावाचे शुल्क भरायचे राहून गेले आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपली टपालपेटी उघडता येईना. एका त्रयस्थ लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून तो प्रश्न सोडवला. सर्वांनाच असा उदार त्रयस्थ भेटत नाही. ‘.कॉम’सारख्या नावांची मुदत संपल्यावर आधी सवलतीचा काही काळ आणि नाव रद्द झाल्यावर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ मिळतो. या ३० दिवसांत बरेच जादा शुल्क आकारले जाते. त्यानंतर पाच दिवसांनी नाव कोणालाही घेता येते. नावाची स्थिती व मुदत ‘हूइज’ सेवेवर पाहता येत असे. जानेवारी २०२५ पासून ‘.कॉम’सारख्या नावांसाठी ‘आरडीएपी’ ही तिची जागा घेणारी अधिकृत सेवा आहे. तेथे नावापुढे ‘क्लायंट होल्ड’ असा शेरा असेल तर नोंदणी संस्थेने ते नाव डीएनएसमधून काढून ठेवले आहे, असे समजावे. नोंदणी खात्याचा ई-मेल त्याच नावावरचा ठेवू नये. नाव बंद पडले, की आठवणीची पत्रेही त्याच खड्ड्यात पडतात.

ई-मेलच्या तक्रारी

संकेतस्थळ दिसते, पण ई-मेल येत नाही, अशी तक्रार असल्यास ‘एमएक्स’ नोंद स्वतंत्रपणे तपासावी. तिच्यात आयपी पत्ता नव्हे, तर नाव लिहायचे असते आणि ते नाव ‘सीनेम’ असता कामा नये. पाठवलेली पत्रे नकोशा टपालात जात असतील तर ‘टीएक्सटी’ प्रकारातील ‘एसपीएफ’ आणि ‘डीकेआयएम’ या नोंदी पाहाव्यात. गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबतचे नियम कडक केले आहेत. एका नावाला ‘एसपीएफ’ची एकच ओळ चालते. जुन्या ओळीशेजारी दुसरी जोडल्यास दोन्ही निरुपयोगी ठरतात. ‘पीटीआर’ नोंद मात्र नावाच्या मालकाच्या हाती नसते. आयपी पत्ता ज्याचा, नोंद त्याची. त्यासाठी सर्व्हर किंवा वाहिनी पुरवणाऱ्या कंपनीकडेच मागणी करावी लागते.

खोटी उत्तरे

डीएनएसची मूळ रचना परस्पर विश्वासावर उभी होती. आलेले उत्तर खऱ्या सर्व्हरचेच आहे, हे पडताळण्याची सोय तिच्यात नव्हती. डॅन कॅमिन्स्की या सुरक्षातज्ज्ञाने २००८ मध्ये दाखवून दिले, की प्रश्नाचा क्रमांक केवळ ६५,५३६ शक्यतांपैकी एक असल्याने तो ताडून रिझॉल्व्हरच्या साठ्यात खोटा पत्ता घुसवता येतो. प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन एकाच वेळी तातडीची दुरुस्ती केली. कायमचा उपाय म्हणजे नोंदींवर डिजिटल सही करणारी ‘डीएनएससेक’ व्यवस्था. १५ जुलै २०१० रोजी रूटचे दप्तर या सहीखाली आले. सहीला मुदत असते. ती उलटल्यास, किंवा पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरचे घड्याळ चुकल्यास, बिनचूक नोंदही नाकारली जाते आणि ‘सर्व्हफेल’ येते. ‘डिग’ला ‘प्लस सीडी’ हा पडताळणी टाळणारा पर्याय देऊन उत्तर मिळाले, तर दोष सहीत आहे, हे निश्चित होते.

काही वेळा रिझॉल्व्हरच खोटा असतो. ‘डीएनएस चेंजर’ या घातक प्रोग्रामने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांचे रिझॉल्व्हर गुपचूप बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी पकडल्यावर बाधितांचे इंटरनेट एकाएकी तुटू नये म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवण्यात आले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले गेले. घरातील राउटरचा मूळ पासवर्ड न बदलल्यास हा धोका आजही असतो. घरातील सर्वच उपकरणांवर एखाद्या बँकेचे पान संशयास्पद दिसत असेल तर राउटरमधील डीएनएसचे पत्ते तपासावेत. भारतीय बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘.बँक.इन’ ही स्वतंत्र नावे ठरवून दिली आणि बँकांना त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. ग्राहकाला खरे नाव ओळखणे त्यामुळे सोपे होते, पण खऱ्या नावामागे खोटा पत्ता आल्यास त्याला सावध करतो तो ब्राऊझरचा प्रमाणपत्राविषयीचा इशाराच. तो कधीही डावलू नये.

देवनागरी नावे

‘.भारत’ने संपणारी देवनागरी नावे २०१४ पासून उपलब्ध असून मराठी आणि कोकणीसाठीही ती वापरता येतात. डीएनएसच्या दप्तरात मात्र देवनागरी अक्षरे जात नाहीत. प्रत्येक नावाचे ‘प्युनीकोड’ या पद्धतीने रोमन अक्षरे व अंकांत रूपांतर होते आणि त्याची सुरुवात ‘एक्सएन’ व दोन आडव्या रेघांनी होते. ब्राऊझर हे रूपांतर स्वतः करतो. झोन फाईल लिहिताना, तसेच ‘एनएसलुकअप’ने विचारताना बहुधा रूपांतरित नावच द्यावे लागते. देवनागरी नाव ब्राऊझरमध्ये उघडते, पण तपासणी साधन ‘एनएक्सडोमेन’ दाखवते, असे झाल्यास आधी हे रूपांतर पडताळावे. ऱ्हस्व-दीर्घाची चूकही येथे वेगळे नाव ठरते.

तक्रार नोंदवताना नुसते ‘साइट बंद आहे’ असे कळवल्यास उत्तर मिळण्यास विलंब होतो. कोणते नाव, कोणत्या प्रकारची नोंद, कोणत्या रिझॉल्व्हरला विचारले, कोणता स्थितीदर्शक शब्द आला आणि वेळ काय होती, हे लिहून ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’चे उत्तर जसेच्या तसे जोडावे. एकाच रिझॉल्व्हरवर दोष दिसत असल्यास तक्रार त्या रिझॉल्व्हरच्या चालकाकडे, सर्वत्र ‘सर्व्हफेल’ येत असल्यास नाम-सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीकडे आणि सर्वत्र ‘एनएक्सडोमेन’ येत असूनही दप्तर बिनचूक असल्यास नाव नोंदवणाऱ्या संस्थेकडे करावी.